बाराव्या फ्रेटच्या पुढे: अकूस्टिक गिटारवर हात न अवघडता वरचे सूर कसे वाजवायचे

गिटार शिकायला लागल्यावर पहिले काही महिने सगळा कारभार पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवर (नेकवर) आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, चालतो. सी, जी, डी, ए-मायनर हे कॉर्ड जमले की आरतीला साथ करता येते, घरचे खूश होतात. मग एखाद्या गाण्याच्या सुरुवातीची धून वाजवावीशी वाटते आणि ती नेमकी बाराव्या-चौदाव्या फ्रेटवर असते. तिथे हात अडतो. मनगट मुडपतं, खांदा कानाकडे चढतो, अंगठा नेकच्या बुडाशी जाऊन रुततो. मुलं लगेच म्हणतात, "माझी बोटंच आखूड आहेत."

बोटांचा इथे फारसा संबंध नाही. मी स्वतः लहान हातांची आहे आणि माझी गिटार मोठ्या पेटीची, कट (नेकजवळ बॉडीला दिलेली खोबण) नसलेली आहे. सावंतवाडी-कुडाळ भागात मुलांना शिकवताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: वरच्या फ्रेटवर हाताला खांदा आणि कोपर नेतात, बोटं फक्त तिथे पोचल्यावर काम करतात. आपण नेमकं उलटं करतो. कोपर जागच्या जागी ठेवतो आणि बोटं ताणतो. ही एक सवय मोडली की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

इथे 'वरचे फ्रेट' म्हणजे बॉडीजवळचे, उंच सुरांचे फ्रेट. उजव्या हाताने छेडणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावं.

हे जवळ असू द्या

- हात नसलेली खुर्ची, स्टूल किंवा बाक
- डाव्या पायाखाली घ्यायला साधारण १० ते १५ सेंटीमीटर उंचीचं काहीतरी. एकावर एक ठेवलेले दोन पाट चालतात, फक्त ते हलता कामा नयेत. सुताराकडून छोटं स्टूल करून घेतलंत तर उत्तमच.
- स्ट्रॅप
- उभा आरसा, नाहीतर समोर टेकवून ठेवलेला मोबाइल
- कॅपो (नेकवर आवळून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) आणि मोबाइलवरचं सूर जुळवायचं ट्यूनर अॅप
- स्टीलची लहान पट्टी
- जुन्या पंचाचा किंवा धोतराचा मऊ तुकडा

डाव्या मनगटावरचं घड्याळ, कडं, धागा काढून ठेवा. वरच्या फ्रेटवर मनगट बॉडीच्या काठापाशी येतं, तिथे घड्याळ आपटतं आणि मग हात नकळत दूर राहायला लागतो.

१. आधी गिटार तपासा

हाताला दोष देण्याआधी गिटारकडे बघा. नेक बॉडीला कितव्या फ्रेटवर मिळते ते मोजा. स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारवर ती चौदाव्या फ्रेटवर मिळते, नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर बाराव्या. म्हणजे क्लासिकल गिटारवर अडचण दोन फ्रेट आधीच सुरू होते. स्टीलच्या गिटारही पूर्वी साधारण बाराव्या फ्रेटवरच जोडलेल्या असत. १९२९ मध्ये पेरी बेक्टल या अमेरिकन बँजोवादकाच्या मागणीवरून मार्टिन कंपनीने चौदा फ्रेट मोकळे असलेलं मॉडेल काढलं आणि पुढे तीच रीत पडली. लांब नेकच्या बँजोची सवय असलेल्या त्या वादकालाही वर जायला जागा हवी होती, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. अडचण तुमच्या एकट्याची नाही.

खालच्या बाजूला बॉडी कापून खोबण दिली असेल तर ती कटअवे गिटार. तिच्यावर सतराव्या-अठराव्या फ्रेटपर्यंत सहज जाता येतं. नवीन घेणार असाल आणि धून वाजवायची हौस असेल तर कटअवेच घ्या. आहे ती गिटार साधी असेल तर विकायची घाई करू नका, चौदाव्या-पंधराव्या फ्रेटपर्यंतचं काम तिच्यावर नीट होतं.

आता अॅक्शन, म्हणजे तार आणि फ्रेट यांच्यामधलं अंतर. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. कंपासपेटीतल्या पुष्कळ पट्ट्यांवर शून्याची रेघ काठापासून थोडी आत असते. तशी पट्टी असेल तर माप चुकतं, म्हणून शून्य अगदी काठावर असलेली पट्टी घ्या. स्टीलच्या गिटारवर सर्वांत जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि सर्वांत पातळ तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीन-चार मिलिमीटर भरत असेल तर कुठलीही बैठक तुम्हाला वाचवणार नाही. तार दाबायलाच इतका जोर लागेल की मनगट वाकणारच, शिवाय इतकी खाली दाबलेली तार ताणली जाऊन सूरही चढा लागेल.

इथे एक सापळा आहे. अॅक्शन जास्त दिसली की लोक अॅलन की घेऊन ट्रस रॉड पिळायला लागतात. ट्रस रॉड हा नेकच्या आतला धातूचा दांडा नेकचा बाक कमी-जास्त करण्यासाठी असतो. बाराव्या फ्रेटच्या पुढची उंची मुख्यतः ब्रिजवरच्या (तारा बॉडीला जिथे अडकवतात तिथल्या) सॅडलवर, म्हणजे तारा टेकतात त्या छोट्या पट्टीवर, आणि नेक बसवलेल्या कोनावर ठरते. सॅडल खालून १ मिलिमीटर घासलं की बाराव्या फ्रेटवर अंतर साधारण अर्धा मिलिमीटर उतरतं. घासलेलं परत जोडता येत नाही, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्या. आपल्याकडे असे कारागीर कमी आहेत. गोव्याला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जाणं होणार असेल तेव्हा गिटार बरोबर न्या.

तारा १२ च्या सेटच्या (आकडा सर्वांत पातळ तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) असतील तर ११ किंवा १० चा सेट लावून बघा. आवाज थोडा पातळ होतो, पण शिकताना हाताला जो आराम मिळतो त्यापुढे ते काहीच नाही.

२. बसा कसं

प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची नको. तिचा डावा हात कोपराच्या वाटेत येतो. सोफ्यात कंबर रुतते. झोपाळ्यावर बसून गुणगुणत वाजवायला छान वाटतं, पण नवीन काही शिकताना बैठक हलणारी नको, कारण तोल सावरायचं काम शेवटी डाव्या हातावर येतं.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. डावा पाय पाटावर, गिटारचा कंबरेचा खळगा डाव्या मांडीवर, आणि हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) साधारण खांद्याच्या ते डोळ्यांच्या उंचीला. क्लासिकल वाजवणारे असेच बसतात. स्टीलच्या गिटारवाले सहसा तिला उजव्या मांडीवर आडवी ठेवतात. कॉर्डसाठी त्यात काही वाईट नाही, पण आडव्या नेकवर वर जाताना कोपर पोटाशी अडतं आणि मनगटाला घडी पडते. नेक वर उचललेली असली की हात खालून सरळ येतो. डाव्या मांडीवर ठेवणं अगदीच नको वाटत असेल तर स्ट्रॅप लावून बसा आणि त्याने नेक वर धरा.

बैठक बरोबर आहे का हे बघायला दोन्ही हात सोडा. गिटार जागच्या जागी राहिली पाहिजे. नेक खाली कलली तर डावा हात वाजवण्याबरोबर ओझंही उचलत होता असं समजा, आणि ओझं उचलणारा हात वर सरकू शकत नाही.

फ्रेट दिसावेत म्हणून गिटारची छाती आपल्या तोंडाकडे कलती करू नका. हा दोष जवळजवळ प्रत्येकात असतो. गिटार जितकी कलती, तितकं मनगट जास्त मुडपावं लागतं. नेकच्या वरच्या कडेवर ठिपके असतात, ते बघून वाजवा. बाराव्या फ्रेटपाशी सहसा दोन ठिपके असतात. पुढचे ठिपके पंधराव्या आणि सतराव्या फ्रेटचे.

३. आधी तार न दाबता हात फिरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे गाळतात. गाळू नका.

आरशासमोर बसा. डावा हात पहिल्या फ्रेटपाशी न्या, बोटं तारांवर नुसती टेकवा. आता सावकाश बॉडीकडे सरकत जा आणि नजर बोटांवर न ठेवता कोपरावर ठेवा. सुरुवातीला कोपर अंगापासून थोडं दूर असतं. सातव्या-नवव्या फ्रेटपाशी ते बरगड्यांजवळ येतं. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर असतं. त्यापुढे कोपर बरगड्यांना चिकटूनच राहिलं तर हात बॉडीच्या काठावर धडकतो. कोपराने इथे बरगड्यांपासून सुटून पुढे, समोरच्या भिंतीच्या दिशेने यायला हवं. विहिरीच्या कठड्यावरून वाकून आत हात घालताना आपण जसं कोपर कठड्याच्या वर आणतो, तसंच इथे कोपराला बॉडीच्या काठाला वळसा घालावा लागतो.

कोपर पुढे आलं की डावा खांदाही किंचित पुढे आणि खाली येतो. येऊ द्या. वर मात्र चढू देऊ नका. खांदा कानाजवळ गेलेला आरशात दिसला की थांबा, श्वास सोडा, हात मांडीवर टाका आणि पहिल्या फ्रेटपासून परत निघा. पंधराव्या फ्रेटपलीकडे जाताना कंबरेतून थोडं पुढे झुकायलाही हरकत नाही. पाठ गोल न करता कमरेतूनच झुकायचं.

शर्टाची बाही काखेत ओढली जात असेल तर ढगळ शर्ट घाला. अगदी साधी गोष्ट आहे, पण घट्ट बाहीत कोपर पुढे येतच नाही.

४. अंगठ्याला सोडायला शिकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

खालच्या फ्रेटवर अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर असतो. आठव्या-नवव्या फ्रेटपर्यंत तो हाताबरोबर तसाच सरकतो. पुढे नेक जाड होत जाते आणि बॉडीला मिळते तिथे हील (नेकच्या मागचा जाड उंचवटा) लागते. अंगठा हीलला टेकला की पुढे रस्ता नाही. नवशिक्याला वाटतं, अंगठा थांबला म्हणजे हात थांबला. मग तो तिथूनच बोटं ताणतो, पंजा चिमट्यासारखा आवळतो, आणि दोन मिनिटांत अंगठ्याच्या बुडाशी कळ येते.

इथे अंगठ्याचं काम तीन टप्प्यांत बदलतं:

पहिला टप्पा, चौदा फ्रेटच्या गिटारवर साधारण दहाव्यापासून तेराव्या फ्रेटपर्यंत. अंगठा हीलच्या वळणावर नुसता टेकलेला राहतो आणि हात त्याच्याभोवती फिरून पुढे जातो. अंगठ्याची जागा तीच राहते, पंजाचा कोन मात्र बदलतो.

दुसरा टप्पा, तेराव्या-चौदाव्याच्या पुढे. अंगठा मागून सुटून हीलच्या खालच्या बाजूला किंवा फिंगरबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या फळीच्या) पातळ तारेकडच्या कडेला येतो. आता तो बोटांच्या समोर नाही, शेजारी आहे. दाबायला त्याचा उपयोग नाही आणि नसला तरी चालतं. तार दाबण्याचं बळ आता हाताच्या वजनातून यायला हवं. हात तारांवर टांगल्यासारखा सोडा, कोपराचं वजन बोटांच्या टोकांपर्यंत उतरू द्या. गिटार मागे सरकू नये म्हणून उजवा हात आणि छाती तिला आधार देतातच.

तिसरा टप्पा, सोळाव्या-सतराव्या फ्रेटवर, कट नसलेल्या गिटारवर. अंगठा नेक पूर्ण सोडतो. तो बॉडीच्या काठावर हलका टेकवा किंवा हवेत ठेवा. पहिल्या दिवशी हे फार अस्थिर वाटतं. थोड्या सरावाने ते वाटणं जातं.

अंगठा मोकळा आहे का हे तपासायला बाराव्या फ्रेटवर पातळ तार दाबून सूर काढा आणि सूर चालू असताना अंगठा नेकपासून पूर्ण उचला. सूर टिकला तर तुमचं वजन बरोबर उतरतंय. सूर मेला तर तुम्ही अजून चिमटा काढताय. दररोज सुरुवातीला हे थोडा वेळ करा.

मे महिन्यात अंगठा घामाने नेकला चिकटतो आणि सरकतच नाही. हात आणि नेक दोन्ही पंचाने पुसा. टाल्कम पावडर लावू नका, तिचा घामाबरोबर लगदा होतो. फिंगरबोर्डला खोबरेल तेल तर मुळीच नको, ते चिकट होऊन बसतं.

नेकच्या बुडाशी स्ट्रॅपचं बटण बसवून घेणार असाल तर कारागिराला आधी सांगा की पातळ तारेकडच्या, अंगठा येणाऱ्या बाजूला ते नको.

५. बोटं: ताणायची नाहीत, दाटीत बसवायची आहेत

६४५ मिलिमीटरच्या आसपास तारेची लांबी असलेल्या नेहमीच्या स्टील गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी साधारण ३६ मिलिमीटर असते. बाराव्याच्या पुढची निम्मी, १८. सतराव्याच्या पुढे ती साडेतेरापर्यंत येते. म्हणजे वर ताणायला काही नाहीच, उलट बोटांना जागा पुरत नाही. म्हणून पंधराव्याच्या पुढे एक फ्रेट एक बोट हा नियम सोडा. लागून असलेले दोन सूर पहिल्या आणि तिसऱ्या बोटाने वाजवून बघा, किंवा नवं बोट ठेवताना आधीचं उचला. करंगळी पोचत नसेल तर तिला सुट्टी द्या. तीन बोटांत काम होतं.

पंजा थोडा तिरपा येईल, बोटं तारांवर सरळ उभी न पडता कलती पडतील. हे बरोबर आहे. मनगट मात्र हाताच्या रेषेत हवं. मुडपलेल्या मनगटातून बोटांना जोर लावला की मनगटातल्या अरुंद बोगद्यावर, जिथून बोटांचे स्नायुबंध आणि मज्जातंतू जातात तिथे, दाब येतो. फ्रेटच्या धातूला अगदी लागून, मागच्या (हेडस्टॉककडच्या) बाजूला दाबा, म्हणजे कमी जोर पुरतो.

६. उजवा हात

बाराव्या फ्रेटवर दाबलेल्या तारेचा मध्य साऊंडहोलच्या (बॉडीतल्या गोल भोकाच्या) नेककडच्या भागात येतो. तिथे छेडलं तर आवाज बोथट होतो. उजवा हात थोडा ब्रिजकडे न्या, वरचे सूर लगेच खुलतात.

७. एकाच तारेवर सरगम

वर जाण्याचा सर्वांत चांगला सराव आपल्या सरगमात आहे. सर्वांत पातळ तार मोकळी सोडली की सा, म्हणजे हार्मोनियमची पांढरी तीन. मग रे दुसऱ्या फ्रेटवर, ग चौथ्या, म पाचव्या, प सातव्या, ध नवव्या, नि अकराव्या आणि तार सा (वरच्या सप्तकातला सा) बाराव्यावर. पुढे तार सप्तकातला रे चौदाव्या, ग सोळाव्या आणि म सतराव्यावर.

आधी हे सगळं एकाच बोटाने वाजवा. एक बोट असलं की बोटं ताणण्याची सोयच उरत नाही, प्रत्येक सुराला अख्खा हात हलवावा लागतो आणि कोपर आपोआप शिकतं. तोंडाने सरगम म्हणत वाजवा. तार सा मोकळ्या तारेच्या सुराशी जुळतो का ते कानाने बघा. जुळत नसेल तर ट्यूनर लावा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबून काढलेला सूर एकच दाखवायला हवेत. दाबलेला चढा दाखवत असेल तर तुम्ही फार जोर लावताय, तारा जुन्या झाल्यात, किंवा अॅक्शन जास्त आहे. आधी जोर कमी करून बघा.

चौदाव्यापर्यंत सहज जाता आल्याशिवाय सोळा-सतराच्या मागे लागू नका.

८. जाड तारांवर वर जायचं का?

कट नसलेल्या गिटारवर बहुतेक वेळा नको. तोच सूर पातळ तारेवर खाली मिळतो. तिसऱ्या तारेचा चौदावा फ्रेट, दुसऱ्या तारेचा दहावा आणि पहिल्या तारेचा पाचवा, तिन्ही ठिकाणी एकच सूर आहे (पहिली तार म्हणजे सर्वांत पातळ). धून कुठे बसवायची हे ठरवताना हा हिशेब आधी करा. दुसऱ्याने व्हिडिओत कटअवे गिटारवर जसं वाजवलं, तसंच्या तसं करायची गरज नाही.

गाण्याची पट्टी उंच आहे म्हणून कॅपो सातव्या फ्रेटवर लावून कॉर्ड वाजवत असाल तरी हात आठ ते दहा फ्रेटच्या टापूतच असतो. तिथेही वरचं कोपराचं सगळं लागू पडतं.

९. उभं राहून

मंडळाच्या कार्यक्रमात उभं राहावं लागतं आणि घरी जमलेलं तिथे निसटतं. कारण एकच, स्ट्रॅप लांब ठेवलेला असतो. बसून सराव करताना गिटार जितक्या उंचीवर होती तितक्याच उंचीवर ती उभं राहिल्यावर यायला हवी. बसलेले असताना स्ट्रॅप ताठ होईपर्यंत आवळा आणि मग उठा. स्ट्रॅपची दोरी हेडस्टॉकला बांधली असेल तर गिटार डगमगते, त्यापेक्षा नेकच्या बुडाशी बटण बरं.

१०. जून ते सप्टेंबर

आपल्या किनाऱ्यावर पावसात हवा इतकी ओली असते की लाकूड पाणी पितं. बॉडीची वरची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि बाराव्या फ्रेटवरची अॅक्शन वाढते. एप्रिलमध्ये सहज जमणारी धून श्रावणात जड वाटली तर आधी पट्टीने मोजा, मग स्वतःला बोला. गिटार चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ती लाकडी कपाटात ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. वाजवून झाल्यावर तारा खालूनही पुसा. खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही. कोटिंगच्या तारा महाग असतात, पण इथे त्या नक्की परवडतात.

११. दुखलं तर

बोटांच्या टोकांना सुरुवातीला होणारी आग नेहमीची आहे, घट्टे पडले की ती जाते. मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी किंवा कोपरात कळ येणं वेगळं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील तर दाब मनगटात असण्याची शक्यता असते. अनामिका आणि करंगळीला येत असतील तर बरेचदा कोपर फार वेळ घट्ट मुडपलेलं असतं. दोन्ही वेळा लगेच थांबा, हात खाली सोडा, त्या दिवशी वरचे फ्रेट बंद. सराव दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करा, मध्ये उठून पडवीत फेरी मारा.

मुंग्या किंवा बधिरपणा दोन-चार दिवसांत गेला नाही, किंवा रात्री झोपेतून जाग यायला लागली, तर डॉक्टरांना दाखवा. जाताना स्वतः वाजवतानाचा, कोपर आणि मनगट स्पष्ट दिसणारा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा. तपासणीच्या टेबलावर हात सरळच असतो, तो नेमका कुठे मुडपतो हे त्यांना व्हिडिओतच दिसेल.